श्रीधररावांची सावड

“सायब उठलं का? उठवा त्यांना. आज आमच्याकडं सावड हाय.”

शाळेच्या अंगणात भागीबाई उभी होती. डोक्यावर इरलं, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, मागं आणखी चार-पाच बाया. मी कडूनिंबाची काडी चावत ओटीवर उभा होतो. पाऊस रात्रीपासून सारखा लागला होता.

“साहेबांची सावड?” मी विचारलं.

“मग? काल आमची पोरं राबली ना तुमच्या शेतात? आज सायब आमच्यात येनार. उद्या शिरप्याकडं. परवा बाळ्याकडं. समद्या घरांचं ठरवून आलोय आमी.”

सावड म्हणजे साधी गोष्ट. भाताच्या लावणीला हात कमी पडतात आणि सगळ्यांची शेतं एकाच वेळी तयार होतात. मग आज तुमच्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तुम्ही. यात पैशाचा संबंध नाही. त्या दिवसांत पैसे देऊनही मजूर मिळत नाही, कारण जो तो आपल्याच चिखलात उभा असतो. हाताची फेड हातानंच करायची. जो फेडत नाही त्याच्या शेतात पुढल्या वर्षी कुणी पाय ठेवत नाही.

आदल्या दिवशी या बायांच्या मुलांनी आमच्या शाळेच्या शेतात लावणी केली होती. फक्त आमच्याकडं तिला लावणी म्हणत नसत. ‘भूमिसंस्कार’ म्हणत.

आता आमची शाळा म्हणजे काय, ते सांगायला हवं.

शाळेचं नाव अंकुरकुटी. कर्जतहून कोंडाण्याकडं जाताना नदीकाठी तिचं आवार होतं. संस्थापक श्रीधरराव मुंबईचे. वडिलांची सॉलिसिटरची फर्म आणि गिरगावात माड्या. रंगून पडलं, आता मुंबईवर जपानी बॉम्ब पडणार म्हणून त्या साली बरीच मुंबई आमच्या घाटाच्या पायथ्याशी येऊन राहिली. बॉम्ब काही पडला नाही. माणसं हळूहळू परत गेली. श्रीधरराव राहिले, कारण तोपर्यंत त्यांना शिक्षणाचा साक्षात्कार झाला होता.

माणूस वाईट नव्हता. मुलांवर कधी आवाज चढवला नाही. छडी तर शाळेच्या आवारातही येऊ दिली नाही, आणि त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. पण बोलायला लागले की ऐकणाऱ्याचा घसा कोरडा पडे. मूल म्हणजे कळी. कळीला ओढून उमलवायचं नसतं. शाळेत घंटा नव्हती, शंख होता. इयत्ता नव्हत्या, स्वभावानुसार गट होते: वारा, पाणी आणि मेघ. सकाळी डोळे मिटून नदीचा आवाज ऐकायचा. मग मातीकाम, मग नृत्य, मग मुक्तचित्र. कागद युद्धामुळं मिळतच नव्हता, म्हणून मुलं सारवलेल्या लांब भिंतीवर गेरू, चुना आणि कोळशानं चित्रं काढत. शेवटी गूळ-शेंगदाणे. हजेरी गूळ-शेंगदाण्यांना सर्वांत चांगली असे.

शिक्षकांना ‘मास्तर’ म्हणायची बंदी होती. ‘सखा’ म्हणायचं. यावरून पहिल्याच महिन्यात गावात बोंब झाली. “आमच्या पोरीनं परक्या बाप्याला सखा म्हनायचं?” असं म्हणत शिरप्या काठी घेऊन आला होता. शेवटी तडजोड झाली. मुलं श्रीधररावांसमोर सखा म्हणत आणि त्यांची पाठ वळली की मास्तर.

शाळेला एक ट्रेंड मास्तर असल्याशिवाय सरकारी मान्यता मिळत नसे. म्हणून मला नेमलं होतं. ट्रेंड म्हणजे ट्रेनिंग कॉलेजातून शिकवायचं शिक्षण घेतलेला. मी खालापूरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, मोठ्या अभिमानानं ते सर्टिफिकेट मिळवलं होतं. ते ऑफिसात चौकट करून लावलं होतं. त्याखाली मी बसायचो. शिकवायची परवानगी आम्हा दोघांनाही नव्हती.

मग गावातली माणसं अशा शाळेत मुलं पाठवत का होती? कारण दुसरी शाळाच नव्हती. लोकल बोर्डाची एक होती, पण तिथला मास्तर युद्धात रेशनिंगच्या खात्यात चिकटला आणि परत आलाच नाही. शाळेत आता बोर्डाचा चुना आणि कुणाचं तरी गवत भरलेलं असे.

भागीबाईची नड त्याहून मोठी. नवरा वारलेला, एकच मुलगी, चांगुणा. भागीबाईचा भाऊ कर्जतला रेल्वेत पॉइंट्समन होता. चांगुणा चौथी पास झाली तर तो तिला ठेवून घेणार होता. पुढं सातवी, मग मास्तरीण. भागीबाईनं कर्जतच्या बाजारात एकदा एक मास्तरीण पाहिली होती, पायात चपला आणि हातात छत्री. तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. पण तिच्या दिरानं मुलीसाठी स्थळ बघून ठेवलं होतं. या वर्षी पास झाली तर झाली, नाहीतर लग्नसराईत उरकून टाकायचं, असं त्यानं चारचौघांत बजावलं होतं. मुलगी अकरा-बारा वर्षांची.

आणि चांगुणा ‘मेघ’ गटात होती. मोर सुंदर काढायची. स्वतःचं नाव तिला वाचता येत नव्हतं.

उन्हाळ्यापूर्वी डिप्टीसाहेब तपासणीला येऊन गेले होते. डिप्टी म्हणजे सरकारचे शाळा तपासनीस. काळा कोट, डोक्यावर टोपी, बोलणं मोजकं.

“ही कितवी?” त्यांनी विचारलं.

“मेघ,” श्रीधरराव म्हणाले.

“मेघ म्हणजे कितवी?”

“इयत्ता ही कारकुनी कल्पना आहे, डिप्टीसाहेब.”

“मी कारकूनच आहे. मेघ म्हणजे कितवी?”

मी मागून हळूच “चौथी” म्हणालो. डिप्टींनी फळ्यावर एक ओळ लिहून वाचायला सांगितली. मेघांपैकी कुणीही हललं नाही. मग एका मुलीनं त्या ओळीखाली नदी काढली आणि तिच्यात दोन मासे सोडले. श्रीधररावांचे डोळे भरून आले. डिप्टींचे भरले नाहीत.

“दसऱ्यानंतर पुन्हा येईन,” ते म्हणाले. “चौथीला वाचता आलं तर मान्यता. तरच इथल्या परीक्षेचा दाखला कर्जतला चालेल. नाहीतर शाळेला टाळं लावा किंवा तिला नाचाचा क्लास म्हणा, खात्याची हरकत नाही.”

मी श्रीधररावांना विनवण्या केल्या. रोज एक तास द्या म्हटलं. अर्धा द्या म्हटलं. ते हसून म्हणायचे, “सखा दत्ताराम, अक्षर ही मुलाच्या पायातली बेडी आहे. फळ पिकलं की आपोआप गळतं.” मी म्हणायचो, “चौथीतलं फळ लग्नसराईत गळतं, साहेब.” ते पुन्हा हसायचे. मला हा माणूस कधीकधी अगदी असह्य व्हायचा.

मग लावणी आली. लावणीच्या दिवसांत खेड्यातली कुठलीही शाळा ओस पडते. श्रीधररावांनी त्यावर तोड काढली: मुलं शेतात जातात, तर शाळाच शेतात नेऊ. शाळेच्या आवाराला लागून त्यांची मालकीची मोठी खाचरं होती. तिथलं भात दरवर्षी गिरगावच्या घरी जात असे. हा भाग ते व्याख्यानात घेत नसत.

भूमिसंस्कार फार देखणा झाला. मुंबईहून पाहुणे आले, छत्र्या घेऊन बांधावर उभे राहिले. एकानं कॅमेरा आणला होता. श्रीधररावांनी बांधावर पाट मांडून दिलरुबा वाजवला. मुलांनी ढोलकीच्या ठेक्यावर एका रांगेत आवण लावली. आवण म्हणजे भाताची रोपं. मुलं जन्मापासून हेच करत आलेली, त्यामुळं संध्याकाळपर्यंत सगळी खाचरं हिरवी झाली. एक पाहुणीबाई म्हणाली, “यांना कुणी शिकवलं हो?” श्रीधरराव म्हणाले, “कुणीच नाही. तेच तर!”

पलीकडच्या बांधावर भागीबाई आणि इतर बाया उभ्या होत्या. त्या दिवशी स्वतःच्या शेतातले हात कमी असूनही त्यांनी मुलं अडवली नव्हती. मला त्याचं नवल वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नवल फिटलं.

मी श्रीधररावांना उठवलं. सावडीची कल्पना सांगितली. मला वाटलं, चिडतील. ते तर हरखलेच.

“परस्पर सहकार! प्राचीन ग्रामजीवन! आणि हे आपल्याला आपण होऊन बोलवायला आले? सखा, माझा टसरचा सदरा काढ. नको, राहू दे. मातीला रेशमाचं काय!”

खादीचा सदरा, चुण्यांचं धोतर अशा थाटात ते निघाले. मागून मी.

भागीबाईच्या खाचरात पाय ठेवला आणि ते पोटरीपर्यंत आत गेले. “अहाहा,” म्हणाले. दुसरा पाय ठेवला, तो गुडघ्यापर्यंत गेला. मग पहिला निघेना. दोन बायांनी ओढून त्यांना सरळ उभं केलं. हातात आवणाची मूठ दिली. त्यांनी रोपं अशी हळुवार टेकवली की ती पाण्यावर तरंगायला लागली.

“सायब, मुळं खाली घालायची,” चांगुणा म्हणाली. “आनि कंबर वाकवा. गुडगं नगं.”

मी धोतर खोचून मदतीला उतरू लागलो. काम मला येत होतं. भागीबाईनं हात आडवा केला.

“तुमी नगं, मास्तर. शेत काय तुमचं होतं? ज्याच्या शेतात पोरं वाकली, तोच आमच्यात वाकंल.”

न्याहारीच्या वेळेपर्यंत श्रीधररावांनी कसाबसा अर्धा पट्टा लावला. भाकरी-चटणी खाऊन बांधावर उभे राहिले, कंबरेवर हात ठेवला आणि प्रसन्न मुद्रेनं म्हणाले, “फार मोलाचा अनुभव आला. येतो मी.”

“अनुभव आमाला नगं,” भागीबाई म्हणाली. “खाचर लावून द्या.”

त्यांनी मजूर देतो म्हटलं. मजूर कुठं होते? त्यांनी दुप्पट मजुरी देतो म्हटलं. बाया हसल्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी आभाळाकडं पाहिलं. शेवटी दिवस मावळेपर्यंत त्यांनी लावणी केली. मध्येच कुणीतरी बाईनं गाणं धरलं, तेव्हा ठेक्यावर त्यांची मान हलली एवढंच. ढोलकी कुणी मागितली नाही.

शाळेत परत आलो तर संगीताचे सखा खाटेवर कुडकुडत होते. त्यांना ताप होता म्हणे. नृत्याच्या सखी दुपारच्या गाडीनं मावशीकडं निघून गेल्या होत्या. मावशी अचानक आजारी पडली होती.

दुसऱ्या दिवशी शिरप्याकडं सावड. शिरप्या मूळचाच खवचट. त्यानं श्रीधररावांना सगळ्यांत खोल खाचर दिलं आणि स्वतः घोंगडी पांघरून बांधावर बसला. जाता येता म्हणे, “वाजवा की वो कायतरी! दिलरुबा आना इकडं.” तिसऱ्या दिवशी बाळ्याकडं. त्या संध्याकाळी श्रीधररावांना चौघांनी उचलून आणलं. कंबर धरली होती. पालथे पडून ते कण्हत होते आणि मी एरंडेल तेल गरम करून लावत होतो.

“दत्ताराम,” ते म्हणाले. सखा गळून पडला होता. “अजून किती घरं राहिली?”

“बरीच.”

“नाही गेलो तर?”

“तर उद्यापासून मुलं येणार नाहीत. गाव कुणाचंही मूल पाठवणार नाही. शारदोत्सवाला मुंबईचे पाहुणे येतील आणि अंगणात तुम्ही-आम्ही नाचू.”

ते उशीत तोंड खुपसून पडले. इतक्यात भागीबाई आली. ओटीवरच बसली, इरलं बाजूला ठेवलं.

“उद्या गोमाकडं हाय सावड.”

“भागीबाई,” श्रीधरराव उशीतूनच म्हणाले, “यातून दुसरा काही मार्ग?”

“हाय की.” ती जणू या प्रश्नाचीच वाट पाहत होती. “पोरांना वाचाया शिकवा. लिवाया शिकवा. मास्तर हाईत, त्यांचं सरटिफिकीट भिताडाला टांगलंय, त्यांनाच लावा कामाला. ते रोज शिकवतील, तर आमी सावड सोडतो. समद्यांशी बोलून आलेय मी.”

श्रीधररावांनी मोठ्या कष्टानं मान वळवली. एवढ्या दुखण्यातही तत्त्व जागं होतं. “बाई, तुम्हाला कळत नाही. अक्षर ही मुलाच्या पायातली बेडी असते.”

भागीबाई ओटीवरून पुढं सरकली.

“सायब, तुमची दोन पोरं त्या पाचगनीच्या इंग्रजी साळंत हाईत ना? त्यांच्या पायात घातलीय का तुमी बेडी?”

पाऊस कौलांवर वाजत होता. हा प्रश्न मी दोन वर्षं ओठांवर आणून गिळला होता, कारण मी पगारी माणूस. भागीबाई पगारी नव्हती.

श्रीधररावांनी मान पुन्हा उशीत टाकली. म्हणाले, “दत्ताराम, उद्यापासून सुरू करा.”

मी सुरू केलं. ट्रेनिंग कॉलेजात शिकलो होतो तसंच, शिस्तीत, रांगेत बसवून. पहिल्या दिवशी अर्धी मुलं उठून उडणाऱ्या चतुरांच्या मागं गेली. दोन वर्षं कळ्या म्हणून वाढलेली मुलं, ती माझ्या ‘हाताची घडी’ला काय भीक घालणार? पाट्या पुरेशा नव्हत्या, कागदाचा तर प्रश्नच नाही. वैतागून मी त्या मुक्तचित्राच्या भिंतीवर गेरूनं हातभर लांबीचा ‘म’ काढला आणि म्हटलं, हे काढा. त्यांनी एका घटकेत सगळी भिंत ‘म’नं भरून टाकली. वळणं माझ्याहून चांगली. हात चित्रानं तयार झालेले होते. पाढे मी ठेक्यावर घेतले, पाठांतर झपाट्यानं झालं. एवढं श्रेय श्रीधररावांना द्यायला हवं आणि मी ते देतो. पेरलं त्यांनी होतं, फक्त कापणीला कुणाला हात लावू देत नव्हते.

दसऱ्यानंतर डिप्टीसाहेब आले. श्रीधरराव कंबरेला पट्टा बांधून खुर्चीवर बसले होते. दारात भागीबाई आणि बाया. भागीबाईचा दीरही आला होता, काय होतंय ते बघायला.

डिप्टींनी पुस्तक उघडून चांगुणाला उभं केलं. ती वाचू लागली, पण गात, डोलत. शाळेची सवय.

“गाऊ नकोस. वाच.”

“वाचतेच हाय की,” ती म्हणाली आणि पुन्हा डोलायला लागली.

डिप्टींच्या कपाळाला आठी पडली. त्यांना संशय आला. तपासणी आली की धडे घोकून घेणाऱ्या शाळा त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. दीर भिंतीला टेकून हसला.

डिप्टींनी पिशवीत हात घालून एक सरकारी जाहिरात काढली. मामलेदार कचेरीतून सगळीकडं लावायला देत असत ती. “हे वाच. सूर नको.”

चांगुणानं कागद जवळ धरला. या वेळी डोलली नाही. “अ-धि-क... धान्य... पिकवा.” मग पुढची ओळ. जोडाक्षराला अडखळली, बोटानं हवेत ते गिरवलं आणि मोठ्यानं म्हणाली. सगळा कागद तिनं वाचून संपवला. खाली ठेवला नाही. उलटून मागं काही लिहिलंय का बघितलं.

“सायब,” ती म्हणाली, “हे तर आमी करतोच. मग लिवलंय कुनासाठी?”

बाया हसल्या. श्रीधररावांचा हात आपोआप कंबरेकडं गेला. डिप्टींनी टोपी काढून डोकं पुसलं आणि शेरा लिहिला. मी मागून वाचला: ‘वाचन ठीक. आकलन उत्तम.’ मान्यता मिळाली. भागीबाईनं दिराकडं एकदा बघितलं आणि मग पदर तोंडाला लावून तिथंच उंबऱ्यावर रडायला लागली. मलाही राहवलं नाही. मी भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो.

चांगुणा चौथी पास होऊन मामाकडं गेली. श्रीधररावांनी मुंबईच्या एका मासिकात लेख लिहिला, ‘मातीतून अक्षर’. मातीशी एकरूप झालेल्या मुलांना वाचन कुणी न शिकवता कसं स्फुरलं, याचं त्यात सुंदर वर्णन होतं. सोबत भूमिसंस्काराचा फोटो. लेखात मी नव्हतो. भागीबाई होती, ‘एक भोळी ग्रामीण माता’ म्हणून. मी तिला तो वाचून दाखवला. ती म्हणाली, “भोळी म्हंजी कोन?”

पुढल्या लावणीला श्रीधररावांनी भूमिसंस्काराचं नाव काढलं नाही. त्यांची खाचरं त्या वर्षी पडीक राहिली.

मी नंतर बोर्डात लागलो, हेडमास्तर होऊन रिटायर झालो. नोकरीत शिक्षणाच्या कितीतरी नव्या योजना आल्या. बहुतेकींत ‘श्रमातून शिक्षण’ हे शब्द असायचेच. असा कागद आला की मी वरिष्ठांना एकच विचारत असे: श्रम कुणाचे आणि शेत कुणाचं? योजना मात्र येत राहिल्या.